आई, तुझं लसीचं कार्ड कुठंय?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझी धाकटी मुलगी २२ वर्षांची आहे. ऑगस्टमध्ये ती शिकायला अमेरिकेला चालली आहे. विद्यापीठाकडून लसीकरणाचा फॉर्म आला म्हणून कपाटातली तिची लहानपणीची फाईल काढली. नवव्या महिन्यातला गोवर, पंधराव्या महिन्यातली एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची), ट्रिपल, पोलिओ, कावीळ, दहावीनंतरचं टीटी, सगळ्याच्या तारखा आहेत. फॉर्म भरता भरता तिनं विचारलं, "आई, तुझं कार्ड कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही. मी ५२ वर्षांची, शिक्षिका. मिस्टर ५७ वर्षांचे, ऊस आणि हळदीची शेती बघतात. अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांनाही थोडी साखर आहे. दोघांची साखर मीच घरच्या मशीनवर तपासते. कोविडच्या लसी सोडल्या तर आम्ही मोठ्यांनी शेवटची लस कधी घेतली ते कुणालाच आठवत नाही. सासूबाई म्हणतात, "आता या वयात कसली लस?" गेल्या पावसाळ्यात मिस्टर नऊ दिवस तापानं झोपून होते. आम्हाला खरंच लसी लागतात का? कोणत्या आधी घ्यायच्या? सगळ्या एकदम घ्यायचा खर्च झेपणार नाही. आणि मुलीच्या फॉर्ममधले दोन-तीन रकानेही अडलेत.
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर

ताई, तुमच्या लेकीनं जे विचारलं ते माझ्या दवाखान्यात इतक्या वर्षांत फार थोड्या लोकांनी विचारलं असेल. बाळाचा एक डोस आठवडाभर लांबला तरी आई कावरीबावरी होऊन येते. त्याच बाळाचे आजोबा फक्त पायात खिळा घुसला की येतात, दंड पुढे करतात आणि म्हणतात, "धनुर्वाताचं मारा."

यात दोष तुमचा नाही. आपल्याकडचा सरकारी लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला, १९८५ पासून त्याला आजचं व्यापक रूप आलं, आणि पहिल्यापासून तो मुख्यतः दोघांसाठी आखलेला आहे: बाळ आणि गरोदर बाई. आशाताईंच्या वहीत त्यांची नावं असतात. पोलिओच्या रविवारी बाळाच्या बोटाला शाई लागते. तुमच्या मिस्टरांचं नाव मात्र कुठल्याच वहीत नाही. तुम्हाला बाळंतपणाच्या वेळी धनुर्वाताची दोन इंजेक्शनं मिळाली असणार. त्यांना मिळाली असलीच तर ती शाळेत, आणि त्याला आता चाळीस वर्षं झाली. म्हणजे तिघांत मातीत हात घालणारा माणूसच मातीतल्या रोगापासून सगळ्यात कमी सुरक्षित आहे. म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहिते.

धनुर्वाताचा जंतू गंजलेल्या लोखंडात राहतो असा आपला समज असतो. खरं तर तो मातीत आणि शेणात असतो, बीजाच्या रूपात वर्षानुवर्षं तग धरतो. उसाचं पातं लागलं, कोयत्यानं बोट कापलं, अनवाणी पायात काटा मोडला, तरी तो आत शिरू शकतो. आधी दातखीळ बसते, मग पाठीचे स्नायू इतके आखडतात की माणूस धनुष्यासारखा मागे वाकतो. नाव पडलं ते त्यावरूनच. हा आजार एकदा होऊन गेला तरी शरीराला संरक्षण मिळत नाही, ते लसीनंच मिळतं.

मिस्टरांच्या आधीच्या लसींची नोंद नसेल, तर सुरुवातीपासून तीन डोस घ्यायचे: पहिला आज, दुसरा चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. मग दर दहा वर्षांनी एक. दवाखान्यात मागताना नुसतं टीटी मागू नका, टीडी मागा. त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते. सरकारी कार्यक्रमातही आता टीटीच्या जागी टीडीच आहे. हे तीन डोस झाले की प्रत्येक खरचटण्याला सुई टोचून घ्यायची गरज उरत नाही. साध्या, स्वच्छ जखमेला दहा वर्षांच्या आत काही लागत नाही. माती-शेण गेलेली किंवा खोल जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं होऊन गेली असतील, तरच पुन्हा घ्यायचा. पण शेवटचा डोस कधी घेतला हे ठाऊक हवं ना! ते ठाऊक नसतं म्हणून एकेका शेतकऱ्यानं वर्षात तीन-तीन टीटी घेतलेले मी पाहिलेत, आणि जखमेत हळद दाबून घरीच बसलेलेही पाहिलेत. तुमच्या भागात हळदीला मोठा मान आहे, तो राहू दे. जखम मात्र साबणानं आणि वाहत्या पाण्यानं धुवायची.

आता फ्लू. गेल्या वर्षीचा तो नऊ दिवसांचा ताप कशाचा होता, हे तेव्हा तपासलं नसेल तर आज सांगता येणार नाही. डेंग्यू असू शकतो, फ्लूही असू शकतो. पण मधुमेही माणसाचा फ्लू हा साधा सर्दी-ताप नसतो, एवढं नक्की. साखर चढते, छातीत कफ उतरतो आणि हृदयावरही ताण येतो. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट होतो. माझ्या रुग्णांना मी हे मुद्दाम सांगते, कारण "फ्लूच तर आहे" म्हणून अंगावर काढणारे बहुतेक पन्नाशीपुढचे असतात.

२००९ चा ऑगस्ट आठवतो का? स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, पुण्याच्या रस्त्यावर प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल होता. तो विषाणू कुठे गेला नाही. आज तो दरवर्षीच्या नेहमीच्या फ्लूपैकीच एक झालाय. फ्लूचे विषाणू रूप बदलत राहतात, म्हणून लसही दरवर्षी बदलते आणि दरवर्षी घ्यावी लागते. लस त्या वर्षीच्या विषाणूशी जुळली तर ती फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी टाळते. हा आकडा काहींना कमी वाटतो. पण लस घेऊनही फ्लू झालाच, तर तो दवाखान्यात भरती होण्यापर्यंत सहसा जात नाही, आणि मला त्याचंच मोल जास्त वाटतं.

वेळ महत्त्वाची आहे. अमेरिकेत लोक फ्लूची लस ऑक्टोबरमध्ये घेतात, कारण त्यांचा फ्लू थंडीत येतो. आपल्याकडे मोठी लाट पावसाळ्यात येते, थंडीत एक छोटी. लसीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे हे आपले महिने. हे उत्तर तुमच्या हातात पडेल तेव्हा मे लागलेला असेल, म्हणजे अगदी वेळेवर. खोक्यावर कोणत्या वर्षाची लस आहे ते छापलेलं असतं. गेल्या हंगामातली उरलेली नको, चालू हंगामाची द्या, असं स्पष्ट सांगा. तिघांनीही घ्या. तुम्हाला स्वतःला काही आजार नाही, पण तुम्ही रोज चाळीस-पन्नास खोकणाऱ्या मुलांमध्ये उभ्या असता आणि संध्याकाळी तोच श्वास घेऊन सासूबाईंजवळ बसता.

फ्लूच्या जोडीची लस न्यूमोकोकसची. निमोनिया करणारा हा जंतू मधुमेह, दमा, हृदयाचे आणि किडनीचे विकार असणाऱ्यांना आणि ६५ च्या पुढच्यांना जास्त छळतो. म्हणजे तुमच्या घरात दोघांना. ही दरवर्षी घ्यावी लागत नाही. तिचे प्रकार बरेच आहेत आणि नावांनी लोक गोंधळतात, म्हणून एवढंच लक्षात ठेवा: डॉक्टर आधी 'कॉन्ज्युगेट' प्रकारची देतील, जिच्या नावापुढे १३, १५ किंवा २० असा आकडा असतो. १३ किंवा १५ ची घेतली, तर साधारण वर्षभरानं २३ आकड्याची दुसरी घ्यावी लागते. २० ची घेतली तर तिची गरज पडत नाही. कोणती मिळते आणि कितीला मिळते, ते विचारून ठरवा.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थांबले: दोघांची साखर घरच्या मशीनवर तपासते. ताई, बोट टोचायची सुई आणि ते पेनसारखं उपकरण दोघांचं वेगळं आहे ना? नसेल तर आजच वेगळं करा. मशीन एक चालेल, पण टोचणी ज्याची त्याची, आणि सुई प्रत्येक वेळी नवी. हेपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या थेंबातूनही जाते. तुमच्या मुलीनं लहानपणी तिची लस घेतलीय. आपली पिढी त्याआधीची, आपल्याला कुणी दिली नाही. तिघांचीही एक साधी रक्ततपासणी करून घ्या, तिचं नाव एचबीएसएजी. ती निगेटिव्ह आली तर मिस्टरांनी आणि तुम्ही तीन डोस घ्यावेत: पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. सासूबाईंचं काय करायचं ते तपासणीचा अहवाल बघून तुमचे डॉक्टर ठरवतील.

तिसऱ्या डोसची आठवण ठेवा. मी स्वतः इंटर्न असताना या लसीचे दोन डोस घेतले आणि तिसरा राहून गेला. काही वर्षांनी एका रुग्णाचं रक्त काढताना सुई माझ्याच बोटात घुसली. त्याचा अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस मला अजून आठवतात. अहवाल चांगला आला, आणि मी त्याच आठवड्यात तिसरा डोस घेतला. तेव्हा शिकलेली एक गोष्ट तुम्हालाही कामी येईल: मधला डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, जिथे थांबलात तिथून पुढे जायचं. उशीर झाला म्हणून लाजून दवाखान्यात न येणारे लोक मला माहीत आहेत. उशिरा का होईना, या.

आता सासूबाई. त्यांना म्हणावं, डावा दंड उघडा करून दाखवा. त्यांच्या वयाच्या बहुतेक माणसांच्या दंडावर रुपयाएवढा, खोलगट, सुरकुतलेला व्रण असतो. त्यांच्या लहानपणी गावात देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा माणूस यायचा आणि पोरं पळून उसात लपायची, असं आमच्याकडच्या आज्या सांगतात. त्या व्रणांनीच देवीचा रोग देशातून घालवला. १९७५ नंतर भारतात त्याचा रुग्ण सापडला नाही. देवीच्या वणांनी भरलेले चेहरे आणि गेलेले डोळे सासूबाईंच्या पिढीनं पाहिलेत. लस काय करते हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त ती म्हातारपणीही लागते हे कुणी सांगितलेलं नाही. वय वाढतं तशी शरीराची लढायची ताकद कमी होत जाते. "या वयात कसली" याचं खरं उत्तर "या वयातच जास्त" असं आहे.

त्यांच्यासाठी टीडी, फ्लू आणि न्यूमोकोकस या तीन लसी आलेल्याच आहेत. चौथी नागिणीची. तिच्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण ते दुखणं मी घरात पाहिलंय.

माझे वडील ७१ वर्षांचे होते. एका सकाळी उजव्या बरगडीखाली आग होतेय म्हणाले. स्नायू आखडला असेल म्हणून मलम चोळलं. तिसऱ्या दिवशी पाठीपासून पोटापर्यंत लाल पट्टा आणि त्यावर पाण्याचे फोड आले. मी दुसऱ्या गावी होते. शेजाऱ्यांनी त्यांना मंत्र टाकणाऱ्याकडे नेलं. त्यानं गेरूनं पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रेघा मारल्या, नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र येऊ नये म्हणून. मला कळेपर्यंत औषधाचे महत्त्वाचे दिवस निघून गेले होते. फोड तीन आठवड्यांत वाळले. दुखणं दीड वर्ष राहिलं. त्यांना बनियन सोसायचं नाही. शर्टाची उजवी बाजू ते हातानं अंगापासून लांब धरून बसायचे. मे महिन्यात पंखा बंद ठेवायचे, कारण वाऱ्याची झुळूकसुद्धा त्या जागेवर चटका दिल्यासारखी लागायची. शिस्तीचा, कमी बोलणारा माणूस रात्री उठून अंधारात रडायचा. तेव्हा ही लस भारतात आली नव्हती.

तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस जातो, ही भीती आपल्याकडे घराघरांत आहे, म्हणून सांगते. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. ताकद कमी झाली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं बाहेर येतो. अंगावरचा प्रत्येक असा मज्जातंतू पाठीच्या कण्यापासून निघतो आणि पुढे मधोमध थांबतो. म्हणून नागीण अंगाच्या एकाच बाजूला उठते. ती कमरेला वेढा घालत नाही. मंत्रानं ती थांबलीशी वाटते, ती मुळातच तिथे थांबणारी असते. पट्टा दिसताच ७२ तासांच्या आत डॉक्टरांची विषाणूविरोधी गोळी सुरू व्हायला हवी. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

आता लस आहे. २०२३ पासून ती आपल्याकडे पन्नाशीपुढच्यांना मिळते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. तिचं संरक्षण चाचण्यांमध्ये ९० टक्क्यांच्या वर दिसलं. ती जिवंत विषाणूंची नाही, त्यामुळे मधुमेह्यांना चालते. नागीण होऊन गेली असेल तरी बरी झाल्यावर घेता येते. अडचण एकच, किंमत. एका डोसला दहा हजारांच्या आसपास पडतात. हे मध्यमवर्गीय घराला सोपं नाही आणि सरकारी दवाखान्यात ती मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून खर्चाचा क्रम. हे माझं मत आहे, तुमचे डॉक्टर थोडं इकडेतिकडे करतील. या महिन्यात तिघांना टीडी आणि तिघांना फ्लू. टीडी अगदी स्वस्त आहे. फ्लूच्या लसीला माणशी दीड-दोन हजार धरा. त्याच फेरीत रक्ततपासणी आणि ती निगेटिव्ह आली की हेपॅटायटिस बीचा पहिला डोस, तीही फार महाग नाही. न्यूमोकोकस आधी मिस्टरांना, कारण त्यांचा मधुमेह अकरा वर्षांचा आहे. दोन-तीन महिन्यांनी सासूबाईंना. नागिणीची लस बोनस आला किंवा हळदीचे पैसे हातात पडले की, आधी सासूबाई, मग मिस्टर, मग तुम्ही. मुलांनी आईवडिलांच्या वाढदिवसाला मोबाईल घेण्यापेक्षा हिचा एक डोस द्यावा, असं मी उघड सांगते.

घ्यायच्या कुठे? तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नसतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे विचारा. संकोच नको. तालुक्याच्या गावात लसींचा सगळ्यात नीट सांभाळलेला फ्रीज बहुधा त्यांच्याकडे असतो. लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते. उन्हात गेली तर बिघडतेच, पण टीडी किंवा कावीळीची लस गोठली तरीही निकामी होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. मी एका औषध दुकानात लसीची खोकी बर्फाच्या कप्प्यात कोंबलेली पाहिलीत. दुकानदाराला वाटत होतं, जास्त थंड म्हणजे जास्त चांगली. म्हणून शक्यतो लस दवाखान्यातच घ्या, दुकानातून आणून नेऊ नका. आणावीच लागली तर बर्फाची पिशवी आणि लस यांच्या मध्ये जाड कापड ठेवा आणि वाटेत कुठे न थांबता पोहोचवा. टोचण्याआधी मुदतीची तारीख स्वतः वाचा.

छोट्या शंकाही मिटवून टाकते. उपाशी जायचं नाही, जेवून जा. दोन लसी एकाच दिवशी दोन दंडांवर चालतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, टोचल्यावर जागा दोन-तीन मिनिटं दाबून धरा. नंतर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा. एक-दोन दिवस दंड दुखेल, अंग मोडून येईल, नागिणीच्या लसीनं थोडं जास्तच. आधी एखाद्या लसीनं अंगावर गांधी उठून धाप लागली असेल, किंवा घरात कुणी स्टिरॉइड किंवा कॅन्सरचं औषध घेत असेल, तर ते आधीच सांगायला हवं.

आणि कार्ड. दोनशे पानी वही नको, एक पान पुरे. प्रत्येकाच्या नावाखाली लस, तारीख, कितवा डोस, पुढचा कधी, कुणी दिली. लसीच्या खोक्यावर बॅच नंबर असतो. बऱ्याच लसींबरोबर सुटणारं छोटं स्टिकर येतं, ते तिथेच चिकटवायला सांगा. नसेल तर खोक्याचा फोटो काढा. कोविडच्या प्रमाणपत्राची छापील प्रतही लावून टाका. मागचं आठवत नाही ते "नोंद नाही" असं लिहा. नोंद नसली की घेतली नाही असंच धरतात. टीडी किंवा कावीळीचा एखादा डोस जास्त झाला तर मोठं काही बिघडत नाही.

या पानाचा उपयोग कुठे होतो ते शेतावर राहणाऱ्यांना लवकर कळतं. कुत्रं चावलं, तर जखम लगेच साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. मिरची, चुना, हळद काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे रेबीजची लस फुकट मिळते आणि दंडात देतात, पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच गेली. दिवस पाळायचे असतात: पहिल्या डोसचा दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा, आणि अठ्ठाविसावा. दवाखान्याच्या पद्धतीप्रमाणे मध्ये चौदावाही असतो. दात कातडीच्या आत घुसला असेल किंवा रक्त आलं असेल तर जखमेतच आणखी एक औषध भरावं लागतं. पण पूर्वी पूर्ण कोर्स झाल्याचा कागद असेल, तर पुढच्या वेळी फक्त दोनच डोस लागतात, शून्य आणि तिसऱ्या दिवशी.

राहिला लेकीचा फॉर्म. यात वेळ घालवू नका, ऑगस्ट जवळ आहे. नवव्या महिन्यातला गोवराचा डोस तिकडे धरत नाहीत, कारण पहिल्या वाढदिवसाच्या आधीची गोवराची लस त्यांच्या हिशोबात येत नाही. पंधराव्या महिन्यातली एमएमआर धरली जाईल, म्हणजे तिला आणखी एक लागेल. दहावीनंतरच्या टीटीनंही रकाना भरणार नाही. त्यांना डांग्या खोकल्याचा भाग असलेली टीडॅप हवी असते. मेंदूज्वराच्या जंतूच्या चार प्रकारांवर चालणारी लस बरीच विद्यापीठं मागतात, फॉर्मवर असेल तर तीही आत्ताच द्या. कांजिण्या होऊन गेल्या असतील, तर रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या तपासणीवर बऱ्याच ठिकाणी भागतं. फॉर्मवर काय लिहिलंय ते वाचा. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: क्षयरोगाची तपासणी मागितली असेल तर ती एमएमआरच्या दिवशीच करा, नाहीतर चार आठवडे थांबा. मध्येच केली तर निकाल चुकू शकतो. तिला जन्मतः क्षयरोगाची बीसीजी लस दिलेली असणार, त्यामुळे हातावर टोचून करायची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येण्याची शक्यता असते. शक्य असेल तर रक्तावरची करा.

फॉर्ममध्ये नाही, पण तिच्या वयाला घ्यायलाच हवी अशी एक लस आहे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं केलेली लस २०२३ पासून बाजारात आहे, परदेशी लसीपेक्षा पुष्कळ स्वस्त. ती २६ वर्षांपर्यंत घेता येते. तिच्या वयाला तीन डोस लागतात: आज, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. मे आणि जुलैचे दोन इथेच उरकतील. तिसरा ती सुट्टीला येईल तेव्हा, थोडा लांबला तरी चालेल. मूळ फाईल तिच्याबरोबर पाठवू नका. डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी इंग्रजीत एक प्रत करून द्या आणि सगळ्या पानांचे फोटो तिच्या फोनमध्ये ठेवा. फाईल त्याच कपाटात राहू दे, तुम्हा तिघांचं पान त्यातच लावा.